एंजल ट्री: भेट द्यायची, पण मुलाला समोर उभं करायचं का?

कोरांटी

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. इथली पंधरा-वीस मराठी घरं मिळून दर नाताळात एंजल ट्रीच्या चिठ्ठ्या घेतो. यंदाच्या बैठकीत एक सूचना आली. खेळणी आणून गोदामात टाकून येण्यात काय अर्थ आहे, त्यापेक्षा सरळ एखाद्या बेघरांच्या निवाऱ्यात जाऊ, आपल्यातल्या एकाला सँटा करू, आपल्या पोरांच्या हातून तिथल्या पोरांना भेटी देऊ आणि फोटो काढू. बहुतेकांनी लगेच होकार दिला. मला ते अजिबात पटलं नाही, पण बैठकीत धड बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९७९ साली व्हर्जिनियातल्या लिंचबर्गमध्ये साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचे मेजर चार्ल्स आणि शर्ली व्हाइट या नवरा-बायकोने देवदूताचं चित्र असलेल्या कार्डांवर गरजू मुलांच्या इच्छा लिहिल्या आणि मॉलमधल्या नाताळच्या झाडाला टांगल्या. येणारे-जाणारे एकेक कार्ड काढून घ्यायचे आणि ती वस्तू आणून द्यायचे. पहिल्याच वर्षी सातशेच्या वर मुलांना भेटी मिळाल्या. आजही पद्धत तीच आहे. चिठ्ठीवर मुलाचं वय, कपड्यांचं आणि बुटांचं माप, एक गरजेची वस्तू आणि एक हौसेची. आडनाव नाही, पत्ता नाही.

गेली चार वर्षं मी वाटपाच्या दिवशी गोदामात काम करते. प्रत्येक मुलाच्या नावे नंबर लावलेली एक मोठी पिशवी असते. आई किंवा बाप गाडी घेऊन येतात, कागद दाखवतात, आम्ही नंबर शोधून पिशवी डिक्कीत ठेवतो. मुलं सोबत नसतात. भेटी मुद्दाम कागदात न गुंडाळता मागवतात, कारण त्या गुंडाळायच्या आईबापांनी. २५ तारखेला सकाळी त्या पोराला भेट मिळते ती त्याच्या घरून. देणारा मधे कुठेच नसतो.

गेल्या वर्षी एक बाई डिक्की बंद करता करता थांबल्या. पिशवीत हात घालून त्यांनी कोटाची बाही बाहेर काढली, दोन बोटांत धरून अस्तराची जाडी बघितली आणि मान हलवली. आपणही मुलांसाठी स्वेटर घेताना अस्संच बघतो. तेवढं झालं आणि त्या निघून गेल्या. एवढं मोलाचं मी तिथे दुसरं काही पाहिलेलं नाही. निवाऱ्यात रांग लावून सँटाच्या हातून भेटी वाटल्या तर नेमकं हेच आपण त्या आईकडून काढून घेऊ.

रानपाखरू

ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी पूर्ण विरुद्ध बाजूचा. आपली मुलं या उपनगरांत वाढतात. शाळा चांगली, शेजार चांगला, सगळ्यांकडे दोन-दोन गाड्या. गरिबी त्यांना कधी दिसतच नाही. तुमच्या पद्धतीत ती आणखी दिसेनाशी होते. फोनवर यादी उघडायची, बटण दाबायचं, खोकं गोदामात. माझ्या मुलासाठी ती आणखी एक ऑनलाइन खरेदी.

मी दहा-बारा वर्षांचा असताना दर दिवाळीत आजोबा मला पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात न्यायचे. फराळाचे डबे मी वाटायचो. एका आजींनी माझा हात धरून ठेवला होता, सोडतच नव्हत्या. आज मी जे थोडंफार करतो ते त्या हातामुळे. तो स्पर्शच काढून टाकला तर उरतं काय?

निळी_छत्री

भारतात एवढी पोरं उघड्यावर झोपतात आणि आपण अमेरिकेतल्या मुलांना खेळणी वाटायची? तेवढ्या पैशात तिकडे एका मुलाचं वर्षाचं शिक्षण होईल.

कोरांटी

@निळी_छत्री, तिकडेही पाठवा, आम्हीही पाठवतो. पण ज्या गावात राहतो, ज्या शाळेत आपली मुलं जातात, त्याच शाळेतल्या पोराच्या चिठ्ठीवर ‘पायमोजे आणि पलंगाची चादर’ लिहिलेलं असेल तर ते वाचून पुढे जायचं का?

बोर्डिंगवाला

@रानपाखरू, त्या आजींचा हात तुमच्या लक्षात राहिला, ते खरंच आहे. आता घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो, कारण मी त्या बाजूला होतो.

सातवीत होतो. वसतिगृहात राहायचो. तालुक्याच्या गावी एका मंडळाने गणवेशाचं कापड आणि वह्यांचं वाटप ठेवलं होतं. आम्हा अकरा जणांना स्टेजवर एका ओळीत उभं केलं. माझं नाव पुकारलं, नावापाठोपाठ ‘वडील नाहीत’ असंही माइकवर सांगितलं. कापड हातात दिलं, पण पाहुण्यांनी दुसरं टोक सोडलं नाही, कारण फोटोवाल्याचा फ्लॅश पेटला नव्हता. दोघंही ते कापड धरून उभे. मला ‘इकडे बघ, हस’ म्हणाले. मी हसलो.

तो फोटो पुढे वर्षभर गावातल्या एका दुकानात काचेखाली होता. मी तिथे गोडेतेल आणायला जायचो. नंतर लांबच्या दुकानात जायला लागलो.

कापड चांगलं होतं. दोन वर्षं टिकलं. देणारी माणसंही वाईट नव्हती, हे मी मनापासून सांगतो. पण या हाताचं त्या हाताला कळू नये असं आपल्याकडे म्हणतात, ते देणाऱ्याच्या पुण्यासाठी नाही. ते त्या पोराला उद्या तेल आणायला त्याच दुकानात जाता यावं म्हणून आहे.

रानपाखरू

@बोर्डिंगवाला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. फोटोचा मुद्दा मी सोडून देतो, बैठकीतही तसं सांगेन. पण भेटायचंच नाही हे अजूनही गळी उतरत नाही. फोटो न काढता, माइक नसताना, माणूस माणसाला भेटू शकत नाही का?

सावली

भेटू शकतो, पण हातात भेटवस्तू घेऊन नाही. एकाच्या हातात खोकं आणि दुसऱ्याचे हात रिकामे असले की ती भेट बरोबरीची राहत नाही. मुलांना तर हे मोठ्यांपेक्षा लवकर कळतं. गरीब मुलांशी ओळख व्हावी असं वाटत असेल तर वर्षभर वाचनालयात शिकवायला जा, फुटबॉलच्या संघात एकत्र खेळू द्या. नाताळच्या एका दुपारी ओळख होत नसते.

नगरकर

एक वेगळा मुद्दा. आमच्या गटात काहींनी ‘हे चर्चचं काम, आपण कशाला’ असं म्हणून अंग काढलं होतं. साल्व्हेशन आर्मी हे चर्चच आहे, ते लपवायचं कारण नाही. पण आम्ही नगरची माणसं तिला लहानपणापासून मुक्तिफौज म्हणून ओळखतो. १८८२ साली ही मंडळी मुंबईत उतरली. आमच्या शहरातलं बूथ हॉस्पिटल त्यांचंच. माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म तिथला. कोविडच्या लाटेत आमच्या गल्लीतली माणसं तिथेच दाखल होती. आईला कुणी धर्म विचारला नव्हता.

तरी ज्यांना नको वाटतं त्यांनी टॉइज फॉर टॉट्सला द्यावं, ते अमेरिकन मरीन कोअरच्या राखीव दलाचं काम आहे. १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये बिल हेंड्रिक्स नावाच्या मेजरच्या बायकोने एक कापडी बाहुली शिवली आणि गरजू मुलांना वाटणाऱ्या एखाद्या संस्थेला नेऊन दे म्हणाली. तशी संस्था सापडेना, तर तूच काढ म्हणाली. त्या वर्षी पाच हजार खेळणी गोळा झाली.

पाटीपेन्सिल

मी कोरांटीताईंच्याही एक पाऊल पुढे जाते. एंजल ट्रीही मला अपुरं वाटतं. आईला नंबराची पिशवी मिळते, पण आत काय असावं हे शेवटी अनोळखी माणूसच ठरवतो. चिठ्ठीवर ‘गाडी’ लिहिलेलं असतं, कुणी रिमोटची आणतो, कुणी बोटाएवढी. अटलांटात रॉबर्ट लप्टन यांनी गरीब वस्तीत राहून बरीच वर्षं काम केलं. भेटी घेऊन पाहुणे घरात आले की आई दार उघडते, मुलं उड्या मारतात आणि बाप हळूच मागच्या दाराने निघून जातो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मग दान आलेल्या खेळण्यांचं दुकान काढलं. किंमत अगदी कमी, आईबापांनी येऊन निवडायचं, स्वतः पैसे मोजायचे. ज्यांच्याकडे तेही नसतील त्यांना दुकानातच काम. आपल्या गटाने असं दुकान का काढू नये?

कोरांटी

@पाटीपेन्सिल, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. माझ्या पद्धतीपेक्षा हे बरं. पण त्याला जागा लागते, वर्षभराची तयारी लागते आणि त्या वस्तीतली माणसं सुरुवातीपासून सोबत लागतात. आम्ही पंधरा घरं नोव्हेंबरात जागे होतो. पुढच्या वर्षासाठी जानेवारीतच बसू, तुम्ही याच.

@रानपाखरू, तुमच्या मुलाला काही शिकवायचंच असेल तर त्याला खरेदीला सोबत न्या. माझी मुलगी गेल्या वर्षी चिठ्ठी हातात धरून बुटांच्या रांगेत उभी होती. चिठ्ठीतली मुलगी तिच्याच वयाची, माप तिच्याहून एकाने मोठं. तिने बूट काढून स्वतःच्या पायात घातला, पुढे किती जागा उरते ते अंगठ्याने दाबून बघितलं आणि म्हणाली, ‘आई, तिला खेळायला लागतील, हे घसरतील.’ मग बुटाचा तळ बघून दुसरा जोड घेतला. परत येताना गाडीत ती गप्प होती. मी काही विचारलं नाही.

रानपाखरू

ठीक आहे. बैठकीत मी सूचना मागे घेतो. सँटाचा अंगरखा कुणी आधीच मागवला असेल तर आपल्या स्वतःच्या कार्यक्रमात वापरू. पण जानेवारीत बसू तेव्हा मुलांनी वर्षभर कुठेतरी जाऊन काही करायचा विषय मी पुन्हा काढणार, तो सोडलेला नाही.

कोरांटी

जरूर काढा.

आता एक निकड. बाळांच्या आणि पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या चिठ्ठ्या दरवर्षी पहिल्या दोन दिवसांत जातात. बाहुल्या, गाड्या घ्यायला सगळ्यांना आवडतं. मोठी मुलं मागे राहतात. माझ्याकडे अजून तीन चिठ्ठ्या आहेत. मुलगी, १२, जाड कोट मध्यम मापाचा, चित्रकलेचं सामान. मुलगा, ११, शाळेच्या पँटा, बास्केटबॉल. मुलगा, १४, बूट साडेदहा नंबर रुंद, एका माणसाच्या पलंगाची चादर, हौसेच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही. येत्या शनिवारी सामान जमा करायचं आहे.

बोर्डिंगवाला

१४ वर्षांचा मला द्या. चादरीसोबत उशीचे अभ्रेही आणतो. बूट कोणत्या रंगाचे?

कोरांटी

रंग लिहिलेला नाही. काळे घ्या, शाळेतही चालतील. आणि पावती खोक्यात ठेवा, दामाचा आकडा फाडून, बदलायची सोय राहील एवढी.