आजारातून उठताना आगर कसे सांभाळले? : अनुभव

कोकणात तापाचे दिवस आणि आगरातल्या (नारळ-पोफळीच्या बागेतल्या) निकडीच्या कामांचे दिवस बहुधा एकच असतात. अंगात त्राण नसताना कोणते काम सोडले, कोणते सोडवले नाही आणि कीड कशी आवरली, हे प्रत्येकाने सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. आरंभ माझ्यापासून करते.

गुहागर

मागील भाद्रपदात मला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) झाला. उंदीर माडावरचे कोवळे नारळ पोखरून खाली पाडत होते आणि ते वेचण्यासाठी मी, टाचांना भेगा असताना, अनवाणी चिखलात फिरत होते. उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरलेले जंतू अशाच भेगांतून शरीरात शिरतात, हे डॉक्टरांनी समजावले तेव्हा नारळांचे नुकसान मला फारच लहान वाटू लागले. घरी आल्यावर पडवीपासून विहिरीपर्यंत चालले तरी धाप लागे. दिरांनी माडांच्या खोडांना सुमारे २ मीटर उंचीवर गुळगुळीत पत्रा गुंडाळला, त्यावरून उंदराचे पाय घसरतात. मात्र जिथे दोन माडांच्या झावळ्या एकमेकींना भिडतात तिथे पत्र्याचा काही उपयोग होत नाही, कारण उंदीर शेंड्यावरूनच पलीकडे जातो. म्हणून आम्ही सुटे उभे असलेले माडच निवडले आणि उरलेल्यांवरचे नुकसान त्या वर्षी सोसले. आता घरातले कोणीही गमबुटाशिवाय आगरात उतरत नाही, आणि यात मी कोणाचेही ऐकून घेत नाही.

नागाव, अलिबाग

बायपास शस्त्रक्रियेनंतर छातीचे हाड सांधेपर्यंत वजन उचलायचे नाही, अशी सक्त ताकीद मला मिळाली होती. खुर्ची टाकून वाडीत बसणे तेवढे हातात राहिले, आणि बसल्या बसल्याच मला लहान माडांच्या नव्या झावळ्यांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले. ते गेंड्या भुंग्याचे काम होते. हा भुंगा माडाचा कोवळा कोंब पोखरतो, पण त्याची अळी वाढते ती कुजणाऱ्या शेणखतात. त्यामुळे माडावर कितीही उपाय केले तरी खताचा खड्डा तसाच ठेवला तर भुंगे येतच राहतात. खत उपसणे मला शक्य नव्हते. सुनेने गड्याकरवी ते उपसून घेतले, वर आलेल्या जाड पांढऱ्या अळ्या कावळ्यांनी टिपल्या, आणि उरलेल्या खतात आम्ही या अळ्या मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीची पावडर मिसळली. माझ्या वाट्याला स्टुलावर बसून करण्याजोगे काम आले : हाताला येणाऱ्या माडांच्या भोकांतून तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढणे, आणि कोवळ्या झावळ्यांच्या बेचक्यांत डांबराच्या गोळ्या ठेवून वर वाळू घालणे. दिवसाला तीन माड, त्याहून अधिक नाही. त्या तीन माडांसाठी मी सकाळी उठत होतो, हे मी मनापासून लिहितो.

श्रीवर्धन

माझा अनुभव सुखाचा नाही. ऐन ज्येष्ठात चिकुनगुनियाने बोटे इतकी आखडली की कोयतीची मूठही धरवेना, आणि पोफळींवरची बोर्डो मिश्रणाची फवारणी राहून गेली. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी, एवढेच ते मिश्रण; पण कोळे या सुपारी कुजवणाऱ्या रोगासाठी ते पावसाची झड लागण्याआधी घोसांवर बसावे लागते. फवारणारा माणूस मिळाला तोवर कोवळ्या सुपाऱ्या कुजून गळू लागल्या होत्या. यंदा मी वैशाखातच माणूस ठरवला आहे. मिश्रणात कोयतीचे पाते बुडवून त्यावर तांबूस थर चढतो का हे मी स्वतः पाहतो, आणि चढला तर आणखी चुना घालायला सांगतो.

वेंगुर्ला

डेंग्यूनंतर महिनाभर मी फक्त एक काम केले. दर आठवड्याला परसात हळूहळू फेरी मारून पाणी साचलेल्या करवंट्या आणि पोफळीच्या गळलेल्या विऱ्या (झावळीचे रुंद, खोलगट देठ) मुलीकडून पालथ्या करून घेतल्या, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण तेवढाच काळ लागतो. भेंडीवरचा मावा तसाच राहिला आणि भेंडी गेली.