सोनोग्राफीतल्या 'स्पेकल'ला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. इथे पुण्यात आमच्या छोट्या विज्ञानगटासाठी सोनोग्राफीवर मराठीत लेख लिहितेय आणि स्पेकलवर अडकलेय. लिव्हर किंवा थायरॉइडच्या चित्रात जो करडा बारीक रवा दिसतो तो. गटात एकाने 'गोंगाट' सुचवलंय, एकीने 'ठिपके'. शिवाय टिश्यू कॅरेक्टरायझेशनलाही, म्हणजे सिग्नलवरून टिश्यू कसा आहे ते ओळखण्याला, सुटसुटीत काहीतरी हवंय. टिश्यूला शाळेच्या पुस्तकातला 'ऊती' घेतलाय.

*

ताई, गोंगाट अजिबात नको, माझं शिक्षण संख्याशास्त्रातलं आहे आणि याच सिग्नलवर काम करतो म्हणून जरा लांबण लावतो. ५ मेगाहर्ट्झला ध्वनिलहरीची लांबी साधारण ०.३ मिमी, लिव्हरची पेशी ०.०२ ते ०.०३ मिमी, म्हणजे मशीनला एकेक पेशी सुटी दिसणं शक्यच नाही, एका बिंदूएवढ्या जागेतून ढीगभर प्रतिध्वनी एकदम येतात आणि कुठे एकमेकांना जोर देतात तर कुठे मारून टाकतात. त्यातून हा रवा. प्रोब (अंगावर टेकवतात तो) आणि ऊती दोन्ही स्थिर असतील तर पुढच्या फ्रेमला तोच रवा तसाच्या तसा येतो, गोंगाट असता तर दर फ्रेमला बदलला असता.

आणि मुख्य म्हणजे त्यात माहिती आहे. विखुरणारे कण भरपूर आणि अस्ताव्यस्त असतील तर प्रतिध्वनींची उंची, म्हणजे जोर, रेली नावाच्या संख्याशास्त्रीय वितरणाने जाते, तिथे सरासरी भागिले प्रमाण विचलन १.९१ येतं. कण विरळ असले तर हा आकडा खाली येतो, आत नियमित रचना असली तर वर जातो. नाकागामी वितरण रेडिओच्या सिग्नलची चढउतार मोजायला आलं, पुढे ते सोनोग्राफीत वापरायला लागले, त्यातला 'एम' हा आकडा १ असला की रेली, १ च्या खाली असला तर कण विरळ, वर असला तर आत नियमित रचना. फॅटी लिव्हर, फायब्रोसिस (ऊती चट्ट्यासारखी कडक होणं), स्तनातली गाठ, सगळीकडे हे आकडे वापरून बघितलेत. जे पुसून टाकायचं त्याला गोंगाट म्हणतात, इथे आपण तेच वाचतोय!

*

'ठिपके'ही नको. मी सोनोग्राफी सेंटरला रिपोर्ट टाईप करते, लिव्हरमध्ये ठिपके असं वाचलं की पेशंटला गाठच वाटणार. 'रवा' छान आहे, साजूक तूप रवाळ म्हणतो तसं लगेच डोळ्यासमोर येतं. एकोटेक्श्चरला, म्हणजे चित्रात ऊती कशी दिसते त्याला, 'पोत' घ्या.

*

रवा मलाही चालेल, फक्त लेखात एक वाक्य हवंच की हा रवा लिव्हरचा नाही, दाण्याचा आकार फ्रिक्वेन्सी आणि बीमवर (ध्वनीच्या झोतावर) ठरतो. नाहीतर वाचक म्हणेल दाणे मोठे म्हणजे लिव्हर खराब.

कॅरेक्टरायझेशनला 'ऊतींची पारख' कसं वाटतं? 'लक्षणनिर्धारण' वगैरे वाचून कोण पुढे जाणार?

*

पारख मस्तच! मी 'रवा' आणि 'पारख' घेतेय. छापलेल्या चित्रावरून हे आकडे काढता येतात का?

*

नाही. पडद्यावर दाखवताना मशीन सिग्नल लॉगने दाबतं, म्हणजे जोरदार आणि क्षीण प्रतिध्वनींमधलं अंतर कमी करतं, मग वितरणच बदलतं आणि तो १.९१ तिथे लागू होत नाही. दाबण्याआधीचा सिग्नल मशीनमधूनच घ्यावा लागतो, त्याला आम्ही सरळ 'कच्चा सिग्नल' म्हणतो, तुम्हीही तेच लिहा.