वॉर्डातील डिस्चार्जला उशीर आणि कॅज्युअल्टीतील गर्दी

प्रश्न (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर, धर्मादाय रुग्णालय) :
आमच्याकडे कॅज्युअल्टीत (तातडीच्या उपचार विभागात) भरतीचा निर्णय झालेले रुग्णही तासन्‌तास ट्रॉलीवरच पडून असतात. परवा धाप लागलेल्या एका आजींनी ऑक्सिजन सिलिंडर पायाशी ठेवून सात तास तिथेच काढले, कारण वर मेडिसिन वॉर्डात सकाळच्या राउंडमध्ये घरी सोडायचे ठरलेल्या रुग्णांच्या खाटा संध्याकाळी पाचनंतर रिकाम्या झाल्या. खाली आणखी ट्रॉल्या आणून हे सुटणार नाही, अशी माझी खात्री झाली आहे. डिस्चार्ज लवकर व्हावा म्हणून आपल्यापैकी कोणी काही केले आहे का?

उत्तर १ (वॉर्ड इन्चार्ज सिस्टर) :
सर, सकाळी ठरवलेला डिस्चार्ज दुपारच्या आत होत नाही. तो आदल्या संध्याकाळीच ठरवावा लागतो. आम्ही घरी जाणाऱ्यांच्या खाटांचे क्रमांक संध्याकाळी फळ्यावर लिहितो, निवासी डॉक्टर रात्रीच डिस्चार्ज कार्ड तयार ठेवतात, उरलेली औषधे तेव्हाच फार्मसीला परत जातात आणि राउंड याच रुग्णांपासून सुरू होतो. नातेवाइकांना आदल्या दिवशी सांगणे सर्वांत महत्त्वाचे आहे. बाहेरगावचा मुलगा निरोप मिळाल्यावर एसटीने निघाला, तर तो येईपर्यंत खाट अडकूनच राहते.

उत्तर २ (रुग्णालयातील विमा कक्ष) :
विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस (ज्याचे बिल विमा कंपनी थेट रुग्णालयाला देते अशा) रुग्णाच्या डिस्चार्जला कंपनीने ३ तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते. त्यापुढे उशीर झाल्यास रुग्णालयाने आकारलेली जादा रक्कम कंपनीनेच सोसायची असते. पण हे ३ तास आपली विनंती पोहोचल्यापासून मोजले जातात, आणि आपली फाइल अनेकदा दुपारी दोनला निघते. बिल रोजच्या रोज अद्ययावत ठेवा.

उत्तर ३ (फिजिशियन, पूर्वी इंग्लंडमध्ये नोकरी) :
इंग्लंडमध्ये एक तृतीयांश डिस्चार्ज दुपारी बाराच्या आत व्हावेत, असे उद्दिष्ट वॉर्डांसमोर ठेवले गेले. तरीही बरे झालेले कित्येक वृद्ध केवळ घरी काळजी घ्यायला कोणी नाही म्हणून खाटेवर राहतात, हे मी तिथे रोज पाहिले. म्हणून सिस्टरांच्या फळ्यावर ‘घरी कोण आहे’ हा रकाना अवश्य असावा. घाईही नको : इन्सुलिन टोचायला न शिकवता घरी पाठवलेला रुग्ण चार दिवसांनी तुमच्याच ट्रॉलीवर परत येतो.