इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमियर लीगमधल्या क्लबांनी ब्रिटिश मॅनेजरला डावलून परदेशी का आणावा? किंवा का आणू नये?

कॉर्नरफ्लॅग :
माझं मत स्पष्ट आहे. विजेतेपद हवं असेल तर परदेशी मॅनेजरच घ्यावा. 1992 मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हापासून एकाही इंग्लिश मॅनेजरने ती जिंकलेली नाही. इंग्लंडची अव्वल लीग जिंकणारा शेवटचा इंग्लिश मॅनेजर हॉवर्ड विल्किन्सन, 1991-92 मध्ये लीड्सबरोबर. ब्रिटिशांची लाज राखली ती दोन स्कॉटिश माणसांनी: फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडबरोबर 13 वेळा आणि डॅल्ग्लिश ब्लॅकबर्नबरोबर 1995 मध्ये. बाकी सगळी नावं वेंगर, मोरिन्यो, अँचेलोत्ती, ग्वार्डिओला, क्लॉप, स्लॉट अशीच.

मधली_फळी :
ही यादी कोण चांगला ते सांगत नाही, संधी कोणाला मिळाली ते सांगते. विजेतेपद पाच-सहा क्लबांच्याच आवाक्यात असतं आणि त्या क्लबांनी इंग्लिश माणसाला किती वेळा नेमलं? एडी हाऊ बघा. नोव्हेंबर 2021 मध्ये त्याने न्यूकॅसल हाती घेतलं तेव्हा हंगामात एकही विजय नव्हता. जानेवारीत ट्रिपिअर, बर्न, गिमारायश आले, हे खरं. पण जोएलिंतोन त्याला आयता मिळाला होता. आघाडीवर गोल होत नाहीत म्हणून टीका झेलणाऱ्या त्या खेळाडूला हाऊने मधल्या फळीत आणलं, चेंडू हिसकावायचं काम दिलं आणि संघाचा कणा बनवला. त्या मोसमात अकरावा क्रमांक, पुढच्या मोसमात चौथा. मग मार्च 2025 मध्ये लिव्हरपूलला 2-1 हरवून लीग कप, क्लबचा 1955 नंतरचा पहिला देशांतर्गत करंडक.

कॉर्नरफ्लॅग :
हाऊबद्दल वाद नाही. पण एका हाऊवरून धोरण ठरत नाही.

थ्रो_इन :
मग परदेशी मॅनेजर कसा फसतो तेही बघू. क्रिस्टल पॅलेस, 2017. डच मॅनेजर फ्रँक डी बोअरने चार बचावपटूंची सवय असलेल्या संघाला तीन बचावपटूंवर आणलं. मागून छोटे पास देत वर जायचं, तर बाजूच्या दोन सेंटरबॅकना (मधल्या बचावपटूंना) चेंडू घेऊन पुढे सरकता आलं पाहिजे आणि विंगबॅकना (कडेच्या बचावपटूंना) पूर्ण कडेची धाव झेपली पाहिजे. पॅलेसकडे तसे खेळाडू नव्हते. लीगचे चार सामने, चार पराभव, शून्य गोल, 77 दिवसांत हकालपट्टी. मग सत्तरीचे इंग्लिश मॅनेजर रॉय हॉजसन आले, चार बचावपटू परत आणले आणि संघ अकरावा आला. मँचेस्टर युनायटेडने नोव्हेंबर 2024 मध्ये, मोसमाच्या मध्यावर, पोर्तुगीज मॅनेजर अमोरिमला आणून तीच चूक केली. त्याच्या 3-4-3 रचनेत (तीन बचावपटू, चार मधले, तीन आघाडीचे) पारंपरिक विंगरला, म्हणजे कडेने धावणाऱ्या आक्रमकाला, जागाच नसते आणि युनायटेडचा संघ विंगरांभोवतीच उभा केलेला होता. लीगमध्ये पंधरावा क्रमांक.

कॉर्नरफ्लॅग :
पॅलेसचा हिशेब पूर्ण मांडा. हॉजसनही पहिले तीन लीग सामने हरले, तेही एकही गोल न करता. क्लबच्या मोसमातल्या आठव्या सामन्यात चेल्सीविरुद्ध पहिला गोल आणि पहिला विजय. म्हणजे एकाला चौथ्या पराभवानंतर काढलं, दुसऱ्याला वेळ दिला. शिवाय हॉजसन घडले कुठे? स्वीडनमध्ये. हाल्मस्टाडबरोबर 1976 आणि 1979 ची विजेतेपदं. नंतर स्वित्झर्लंड, इटली.

थ्रो_इन :
वेळेचा मुद्दा मान्य. पण हॉजसनच्या त्या तीन पराभवांपैकी दोन मँचेस्टरच्या दोन्ही क्लबांविरुद्ध होते, डी बोअर हडर्सफील्ड आणि स्वान्सीविरुद्ध हरला होता. फरक पडतोच.

डावा_विंगबॅक :
हॉजसनचं उदाहरण खरं तर ब्रिटिशांच्या बाजूचं आहे. इंग्लिश प्रशिक्षकाला घरी शिडीच नाही. खालच्या लीगमधला माणूस वर येतो तो बहुतेक वेळा आपल्या क्लबला बढती मिळवूनच. मग सर्वात कमकुवत संघ घेऊन तो बचाव करत खेळतो आणि 'हा फक्त बचावच शिकवतो' असा शिक्का बसतो. म्हणून ग्रॅहॅम पॉटर स्वीडनच्या चौथ्या श्रेणीतल्या ऑस्टरसुंडला गेला, त्यांना अव्वल लीगपर्यंत नेलं, 2017 चा स्वीडिश कप जिंकला. डेस बकिंगहॅम तर मुंबईत आला! मुंबई सिटीला 2022-23 ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) शील्ड जिंकून दिली आणि 2022 मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं, एएफसी चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा पहिला विजय. त्यानंतरच त्याच्या गावच्या ऑक्सफर्ड युनायटेडने त्याला बोलावलं आणि मे 2024 मध्ये वेम्बलीत बोल्टनला 2-0 हरवून तो संघ चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये, गेला.

कॉर्नरफ्लॅग :
आणि डिसेंबर 2024 मध्ये त्याच क्लबने त्याला काढलं. पॉटरलाही चेल्सीने 31 सामन्यांत काढलं, विजय 12.

डावा_विंगबॅक :
पॉटरला मोसम सुरू झाल्यावर, सप्टेंबरमध्ये नेमलं आणि जानेवारीत नवे खेळाडू ओतले. त्या पथकात सरावाला अकरा विरुद्ध अकरा लावले तरी बरेच जण बाहेर उरायचे. त्यात पासपोर्टचा काय संबंध? क्लबने मुलाखतीत तीनच गोष्टी तपासाव्यात: हातातल्या खेळाडूंवर तुझी पद्धत बसते का, कोणत्या दोन जागा बदलायला लागतील आणि बरोबर कोणते सहायक आणणार. शेवटचा मुद्दा सर्वात दुर्लक्षित. सेट-पीसचा (कॉर्नर, फ्री किकचा) प्रशिक्षक आणि आधीपासून क्लबमध्ये असलेला एक सहायक ठेवायला जो तयार नाही, त्याला मी मोसमाच्या मध्यावर तरी नेमणार नाही, तो लिस्बनचा असो की लीड्सचा.

मधली_फळी :
यात एक जोडा: पर्यायांच्या यादीत चॅम्पियनशिपमधला किमान एक मॅनेजर हवाच. तिथे 46 सामन्यांचा मोसम असतो, कित्येकदा आठवड्याला दोन सामने, सरावाला दिवस कमी. दमलेल्या पायांची फिरवाफिरव कशी करायची हे तिथला माणूस रोज करतो.