सरत्या 2024 चा घरचा वृत्तांत: आप्तेष्टांना तुम्ही काय कळवले?

आमच्या घरी दर डिसेंबरात वर्षभराच्या घडामोडींचे एक पत्र लिहिले जाते आणि ते सख्ख्या-चुलत सगळ्या घरांना, शिवाय काही जुन्या शेजाऱ्यांना व स्नेह्यांना जाते. आजोबा ते आंतर्देशीय पत्रावर लिहीत आणि जागा संपली की कडेने उभ्या ओळी घालीत. आता ते टंकलिखित होऊन मोबाइलवर जाते, आणि ज्यांची नजर पडद्यावर ठरत नाही त्या आत्यांना छापील प्रत टपालाने पाठवली जाते. वर्षभरात व्हॉट्सअ‍ॅपवर असंख्य छायाचित्रे येऊन गेलेली असतात. तरी मामांची शस्त्रक्रिया नेमकी कशाची झाली, चुलतबहिणीची बदली कुठे झाली, गावच्या घराची कौले कोणी बदलून घेतली, हे पत्र वाचल्यावरच पुष्कळांना कळते.

माझे आग्रहाचे मत असे आहे की या पत्रात आजारपण, नुकसान, मृत्यू आणि पैशाची ओढाताण यांनाही जागा हवी. बढती, सहल आणि गुणपत्रिका एवढेच कळवले तर ज्यांना धावून यावेसे वाटते त्यांनाही कधी यावे ते समजत नाही. तुमच्या घरचे 2024 कसे गेले आणि त्यातले तुम्ही आप्तस्वकीयांना काय, कसे व केव्हा कळवले, ते या चर्चेच्या धाग्यावर सविस्तर लिहावे ही विनंती. नावे घालू नयेत. गाव आणि नाते पुरेसे आहे.

बडोदे

आमचे घराणे सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीनिमित्त साताऱ्याकडून बडोद्यास आले आणि येथेच स्थिरावले. आमचे वार्षिक पत्र दिवाळीच्या फराळाबरोबर जाते. यंदाच्या पत्राचा बहुतेक भाग ऑगस्टमधील पुराने व्यापला.

गोकुळाष्टमीच्या दिवशी, म्हणजे 26 ऑगस्टला, मुसळधार पाऊस झाला, वरच्या आजवा जलाशयाचे पाणी आले आणि विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली. आमच्या तळमजल्यावर छातीएवढे पाणी होते. सासूबाईंना आम्ही वेळीच वरच्या मजल्यावर नेले, आणि दिवस काढले ते शेजारच्या गुजराती कुटुंबाने गच्चीवरून दिलेल्या थेपल्यांवर व पिण्याच्या पाण्यावर. या नदीत मगरींची मोठी वस्ती आहे, त्यामुळे पाणी ओसरू लागल्यावरही अंगणात उतरताना काठी आपटत, थांबत, पाहतच पाऊल टाकावे लागत होते. खाली आलो तेव्हा फ्रिज पाठीवर आडवा पडलेला होता, धान्याचे डबे फुगून त्यांची झाकणे उडालेली होती आणि पुस्तकांच्या कपाटाची दारे आतल्या पुस्तकांनी फुगून उघडतच नव्हती.

सर्वांत जास्त जीव तुटला तो छायाचित्रांसाठी. चिकटलेली छायाचित्रे ओढून सोडवू नयेत, स्वच्छ गार पाण्यात सोडून ठेवावीत म्हणजे बरीचशी आपोआप सुटतात, हे मला ग्रंथालयात काम केलेल्या एका ओळखीच्या बाईंनी सांगितले होते. त्याप्रमाणे आम्ही ती परातीत सोडली, एकेक सुटे करून वर्तमानपत्रावर उताणे ठेवले आणि कागद बदलत राहिलो. मोडीतली काही जुनी पत्रे बचावली. पण सासऱ्यांच्या मुंजीपासूनचा एक संपूर्ण अल्बम लगदा झाला होता.

म्हणून यंदाच्या पत्रात मी नुकसानीची यादी स्पष्टपणे दिली आणि खाली लिहिले की, आमच्या घरच्या कार्यांची छायाचित्रे ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्यांच्या प्रती पाठवाव्यात. नागपूर, सांगली, इंदूर येथून पाकिटे आली. इंदूरच्या चुलतसासूबाईंनी पाठवलेल्या छायाचित्रात सासरे मुंजीच्या मातृभोजनाला आईच्या मांडीवर बसलेले आहेत, आणि हे छायाचित्र आमच्याकडच्या अल्बममध्ये कधी नव्हतेच. काही नातेवाइकांनी पैसेही पाठवले. तेही सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण धान्य, गाद्या आणि विजेची सगळी उपकरणे एकदम नव्याने घ्यावी लागली होती.

लातूर जिल्हा, औसा तालुका

आमच्याकडचे पत्र म्हणजे मुख्यतः शेतीचा हिशोब असतो. जमीन सासऱ्यांच्या मागे सगळ्यांच्या नावावर आहे. सातबाऱ्यावर माझे यजमान, पुण्याचे धाकटे दीर आणि दोन्ही नणंदा अशी नावे आहेत, आणि कसतो आम्ही. ज्यांचे नाव उताऱ्यावर आहे त्यांना वर्षाअखेर काय पिकले आणि काय उरले हे कळलेच पाहिजे, असे सासूबाईंचे म्हणणे होते. त्या गेल्यानंतर हे काम माझ्याकडे आले आहे.

मागच्या वर्षी पावसाने ताण दिला होता. यंदा सोयाबीनची पेरणी वेळेवर झाली, शेंगा चांगल्या लागल्या, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला अतिवृष्टी झाली. सखल वावरात पाणी साचून राहिले, तिथले पीक पिवळे पडले, माळाकडचे वाचले. कापणी करून गंजी लावली, ताडपत्री घातली, तरी मळणीनंतर दाण्यात ओल राहिलीच. सोयाबीनचा हमीभाव यंदा क्विंटलला 4892 रुपये होता, परंतु सरकारी खरेदीला ओलाव्याची मर्यादा 12 टक्के होती. ती 15 टक्क्यांपर्यंत वाढवल्याचे नोव्हेंबरच्या मध्यावर जाहीर झाले, तोपर्यंत आमचा माल आडतीवर जाऊन चार हजारांच्या आसपास विकला गेला होता, कारण हरभऱ्याची पेरणी थांबवता येत नव्हती आणि सोसायटीचे पीककर्जही डोक्यावर होते.

हे सगळे मी हिशोबात जसेच्या तसे लिहिले आणि आडत्याच्या पट्ट्यांचे फोटो सोबत जोडले. पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई सगळे वेगवेगळे असते, त्यामुळे शंकेला वाव राहत नाही. पूर्वी एका वर्षी हिशोब तोंडी सांगितला गेला होता आणि त्यातून निघालेली अढी सुटायला पुष्कळ काळ गेला. तेव्हापासून कागदावरच द्यायचा असे ठरले. यंदा उरलेली रक्कम वाटून घेण्याइतकी नव्हती. ते वाचून थोरल्या नणंदबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "वाटा राहू दे, विहिरीचा गाळ तेवढा काढून घ्या." दिरांनी मोटार दुरुस्तीचा निम्मा खर्च स्वतः होऊन पाठवला.

माझ्या स्वतःच्या नावाची एक ओळ यंदा त्यात प्रथमच आली. लाडकी बहीण योजनेचे पहिल्या दोन महिन्यांचे 3000 रुपये राखीपौर्णिमेच्या आधी माझ्या खात्यात जमा झाले. ते शेतीच्या जमेत धरायचे का, असे यजमानांनी विचारले. मी ते वेगळे लिहिले आणि मुलीच्या बारावीच्या पुस्तकांवर खर्च केले, हेही लिहिले.

ठाणे

धागाकर्त्यांच्या सर्व म्हणण्याशी मी सहमत आहे, मात्र एका बाबतीत माझा अनुभव निराळा आहे. यंदा माझ्या मुलाचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. नातेवाइकांना कळवायला हवे होते, कारण प्रत्येक लग्नकार्यात सुनेची चौकशी होई आणि मुलगा कार्यांना येणेच टाळू लागला होता. तरीही ते माझे वृत्त नव्हते, त्याचे व तिचे होते. मी मजकूर लिहून आधी मुलाला दाखवला, आणि त्याच्या सांगण्यावरून तिलाही पाठवला. तिने एक वाक्य बदलायला सांगितले: "पटले नाही" असे मी लिहिले होते, त्याऐवजी "दोघांनी विचारपूर्वक ठरवले" असे तिला हवे होते. तसे केले. पत्र गेल्यानंतर उलटसुलट प्रश्न विचारणारे फोन जवळपास आलेच नाहीत. सर्व काही कळवावे हे खरे, पण ज्याचे त्याला विचारून.

पेडणे, गोवा

आमचे वर्ष चवथीला संपते आणि चवथीलाच सुरू होते. सगळी भावकी मूळ घरी जमते, गणपती एकच बसतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर थोरले काका वर्षाचा वृत्तांत सांगतात. तो लिहिलेला नसतो. फक्त खर्चाची वही असते. यंदा 7 सप्टेंबरला चवथ होती. गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीसाठी सुपारीचे शिपटे, महाळुंग, कवंडळे, कांगले रानातून आणायला पूर्वी बाप्ये जात. यंदा पुण्याहून आलेल्या पुतण्या गेल्या, आणि कुठले फळ कुठे मिळते ते काकींनी त्यांना झाडे दाखवून सांगितले.

जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वेची वाहतूक बंद पडली, तेव्हा मुंबईचे काका आजोबांच्या वर्षश्राद्धाला पोहोचू शकले नव्हते. त्यामुळे आजोबांच्या शेवटच्या दिवसांची हकिकत, त्यांनी कोणाला काय द्यायला सांगितले होते आणि कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, देखभालीचे काय, हे सगळे चवथीच्याच बैठकीत पहिल्यांदा सर्वांसमोर बोलले गेले. परदेशातल्या भावंडांना फोनवरून जोडून घेतले होते, पण आवाज नीट जात नव्हता. पुढच्या वर्षीपासून वृत्तांत लिहून ठेवावा, असे त्यांच्यासाठीच ठरले आहे.

क्लीव्हलँड, ओहायो

इकडे डिसेंबरात शेजारी आणि सहकारी नाताळच्या शुभेच्छापत्राबरोबर घरच्या वर्षाचे पत्र पाठवतात. आम्हीही त्यांना इंग्रजीत एक पाठवतो, आणि संक्रांतीच्या सुमारास मराठीत दुसरे, नाशिकला आणि इतरत्र. ही दोन पत्रे एकमेकांची भाषांतरे नसतात. इंग्रजी पत्रात मुलीचा व्हायोलिनचा कार्यक्रम असतो. मराठीत ती आजीशी मराठी बोलते की नाही, हे असते, कारण नाशिकला तेच विचारतात.

दोन्ही पत्रांत सारखा आलेला प्रसंग यंदा एकच, 8 एप्रिलचे खग्रास सूर्यग्रहण. आमचे गाव खग्रास पट्ट्यात होते. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. भारतात ग्रहण दिसणार नसल्याने तिकडे वेध पाळण्याचे कारण नव्हते. इथे मात्र भर दुपारी सूर्य झाकला जाणार होता, म्हणून त्यांनी सकाळपासून काही खाल्ले नाही. मी खगोलाची आवड असलेली, मला त्यांनी अंगणात यावे असे फार वाटत होते, आणि त्या आल्या. मुलीने त्यांना ग्रहणाचा चष्मा लावून दिला. जवळजवळ चार मिनिटे सूर्य पूर्ण झाकलेला होता. रस्त्यावरचे दिवे लागले, पाखरे गप्प झाली, शुक्र ठळक दिसला. सासूबाईंनी हात जोडले आणि ग्रहण सुटल्यावर आंघोळ करून मगच जेवल्या. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. एप्रिलच्या सुरुवातीला इथे झाडांना पालवीही नसते, त्यामुळे गुढीला कडुनिंबाऐवजी भारतीय दुकानातला कढीपत्ता बांधला.

ऑक्टोबरात माझे वडील नाशिकला वारले. तिकीट मिळून मी पोहोचेपर्यंत अंत्यसंस्कार होऊन गेले होते. इंग्रजी पत्रात याची एक ओळ आहे. मराठी पत्रात मी वडिलांवर दोन पाने लिहिली, आणि अखेरच्या दिवसांत रुग्णालयात रात्री आळीपाळीने थांबलेल्या चुलतभावांचे व त्यांच्या बायकांचे नावानिशी आभार मानले. फोनवर मला ते बोलता आले नव्हते.

कोल्हापूर

आमच्याकडे पत्र वडील लिहीत. ते राधानगरी तालुक्यात शिक्षक होते आणि त्यांचे अक्षर विद्यार्थ्यांच्या आजही लक्षात आहे. मे महिन्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणेही अडखळू लागले. शब्द मनात असतो, तो आठवतो, पण तोंडाने दुसराच निघतो, अशी त्यांची अवस्था होती. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना जेव्हा कळले की ते दरवर्षी असे पत्र लिहीत, तेव्हा त्यांनी तोच सराव धरला: रोज वर्षातली एक घटना सांगायची, आणि आईने ती उतरवून घ्यायची.

ऑगस्टच्या 1 तारखेला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. त्यांचे गाव कांबळवाडी राधानगरी तालुक्यातलेच, वडिलांच्या पाहण्यातले. त्या दिवशीचा परिच्छेद त्यांनी सलग दोन बैठका घेऊन पूर्ण केला, आणि आईने वाचून दाखवल्यावर "तीन पवित्रे" या शब्दांची भर घातली: गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, हा क्रमही त्यांनी हाताने करून दाखवला.

पत्रातला आजारपणाचा भाग मात्र आईने स्वतः लिहिला आहे. झटका आल्यापासून किती वेळात रुग्णालय गाठले, तोंड वाकडे होणे आणि हात न उचलणे ही लक्षणे कशी ओळखली, औषधे आणि व्यायाम कोणते चालू आहेत, हे तिने क्रमाने मांडले, कारण आमच्या घराण्यात रक्तदाब बऱ्याच जणांना आहे आणि साडेचार तासांच्या आत पोहोचले तरच गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन देता येते, हे सर्वांना माहीत असावे असा तिचा आग्रह आहे. मजकूर तयार आहे, छपाईला गेला आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पत्रे टपालात पडतील, आणि पाकिटांवरचे पत्ते यंदा मी व माझी बहीण लिहीत आहोत.