सल्ला हवा: राहिलेलं बी.कॉम. नोकरी सांभाळून पूर्ण करायचंय (नाशिक)

अर्धीवही
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच.

वय ३५. टी.वाय.बी.कॉम.ची परीक्षा २०११ ला दिली, दोन विषय राहिले. एम लॉ (मर्कंटाइल लॉ, व्यापारी कायदा) आणि ऑडिटिंग-टॅक्सेशन. ऑक्टोबरला देऊ म्हटलं तर लग्न ठरलं, मग लेक झाली, आणि ते 'देऊ' तसंच राहिलं. गेली नऊ वर्षं सातपूरला एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघते. टॅली, टीडीएस, जीएसटीची रिटर्न्स, सगळं माझ्याच हातून जातं. म्हणजे ज्या विषयात नापास झाले त्याच विषयाचा पगार खाते. हसू नका.

मागच्या महिन्यात आमच्याकडे नवा मुलगा आला, ताजा ताजा बी.कॉम. त्याची 'अकाउंट्स ऑफिसर' म्हणून व्हिजिटिंग कार्डं छापून आली. त्याला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जुळवायला मीच शिकवतेय. शेठना विचारलं तर म्हणाले, "ताई, तुमच्या कामाबद्दल शब्द नाही, पण कागदावर तुम्ही बारावी." त्या दिवशी सातपूर ते इंदिरानगर स्कूटरवर काय काय डोक्यात येत होतं ते लिहीत नाही.

तर आता पूर्ण करायचंच आहे. जुने दोन विषयच देता येतील का? की पहिल्यापासून? नाशिकचं मुक्त विद्यापीठ की दिल्लीचं इग्नू? नऊ ते सहा नोकरी, लेक सातवीत, सासूबाई घरी असतात (त्यांचा पाठिंबा आहे, हे आधीच सांगते). मराठीतून असेल तर बरं.

सिडकोकर
ताई, आधी जुनं दार वाजवून या. मार्कशीट आणि सीट नंबर घेऊन कॉलेजच्या परीक्षा विभागात जायचं आणि एकच विचारायचं: माझ्या पॅटर्नच्या विद्यार्थ्यांना परीक्षेची संधी चालू आहे का? विद्यापीठ अभ्यासक्रम बदलतं तेव्हा जुन्या पॅटर्नवाल्यांना काही ठरावीक संधी देतं आणि मग ते खातं बंद होतं. मध्येच कधीतरी खास संधीचं परिपत्रक निघतं. निघालं असेल तर दोन पेपरात गंगेत घोडं न्हालं.

पण तिथे अडकून पडू नका. मी तेच केलं. माझे तीन विषय होते. एक म्हणे विद्यापीठात विचारा, दुसरा म्हणे कॉलेजचं पत्र आणा, तिसरा म्हणे साहेब रजेवर आहेत. दर वेळी अर्धा दिवस रजा. असं करत पाच महिने गेले आणि त्या वर्षीची मुक्तची प्रवेशाची तारीखही हुकली. तुम्ही दोन चकरांची मर्यादा घाला. तिसऱ्या चकरेला तोच वेळ नव्या प्रवेशाला द्या.

उगाच_विचारतो
पहिल्यापासूनच करायचं तर बी.ए. करा की. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र. वाचत वाचत पास व्हाल. डिग्री ती डिग्री, फॉर्मवर कोण बघतंय कशात केलीय ते.

दुसरी_शिफ्ट
मी इग्नूचं बी.कॉम. केलं. २०२० ला प्रवेश, २०२४ ला संपलं. तीन वर्षांचं चार वर्षांत, आणि त्यात लाज कसली. तिथे तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते.

आता खरं काय ते सांगते. माझा अभ्यासक्रम १३२ क्रेडिटचा होता आणि एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. गुणाकार करा, ३९६० तास. म्हणजे तीन वर्षं आठवड्याला पंचवीस तास. नोकरी करून एवढे तास देणारं माणूस मी तरी पाहिलं नाही. पण निम्मे द्यावेच लागतात, आणि ते कुठून काढणार हे प्रवेशाआधी घरात बसून ठरवायचं. माझे सकाळी पावणेपाच ते साडेसहा. डिसेंबरात गोधडी पांघरून, एक हात बाहेर, त्यात पेन.

पेन म्हणाले कारण असाइनमेंट. परीक्षेला ७० टक्के वजन, असाइनमेंटला ३०, आणि दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. हाताने लिहायची. पहिल्या वर्षी मी 'होईल की' म्हणत शेवटच्या चार रात्रींत चार विषयांच्या लिहिल्या. तिसऱ्या रात्री एकाच प्रश्नाचं उत्तर दोन वेगळ्या वह्यांत लिहून बसले. अंगठ्याजवळची नस अशी धरली की सकाळी पोळ्या नवऱ्याने लाटल्या (त्या पोळ्यांवर वेगळा धागा काढावा लागेल). दुसऱ्या वर्षापासून नियम केला: धडा वाचून झाला की त्यावरचा प्रश्न त्याच आठवड्यात लिहून टाकायचा.

फायदा हा की परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर. सगळे पेपर एकदम द्यायचे नाहीत, झेपतील तेवढ्यांचाच फॉर्म भरायचा. एखादा राहिला म्हणून पुढच्या वर्षाची नोंदणी अडत नाही. अकाउंट्सवालीला मार्च मोकळा मिळतो हे तर सोनंच.

तोटा भाषेचा. माझ्या वेळी बी.कॉम.ची पुस्तकं इंग्रजी किंवा हिंदीत होती. मराठीच हवी असेल तर मुक्त.

गोवर्धनची_वाट
मुक्तबद्दल मी लिहिते, माझं आणि धाकट्या जावेचं दोघींचं तिथूनच झालं.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं, आणि मुख्यालय आपल्याच उशाला, गंगापूर धरणाजवळ गोवर्धनला. गडचिरोलीचा विद्यार्थी जिथे फोन लावून लावून थकतो तिथे आपण गंगापूर रोडने पाऊण तासात पोचतो. पण तिथे वर्ग भरतात या समजुतीत जाऊ नका. विद्यार्थ्याचा संबंध येतो तो अभ्यासकेंद्राशी. नाशिकमध्ये अशी केंद्रं कॉलेजांतच असतात. प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन, त्यात केंद्र आपणच निवडायचं. मग पुस्तकं, संपर्कसत्रं, गृहपाठ, हॉल तिकीट, सगळं त्या केंद्रातून.

म्हणून केंद्र निवडताना घर बघू नका, ऑफिसची वाट बघा. जावेने घराजवळचं म्हणून पंचवटीतलं घेतलं आणि नोकरी अंबडला. तिची सुट्टी मंगळवारी, संपर्कसत्रं रविवारी. वर्षभरात तीनदा गेली असेल. मी आधी दोन-तीन केंद्रांवर जाऊन नोटीस बोर्ड वाचले. बोर्डावर मागच्या परीक्षेचं वेळापत्रक अजून तसंच असेल तर पुढचं केंद्र बघायचं. बोर्डासमोर उभ्या पोरांना विचारलं की तिथले सर फोन उचलतात की नाही हेही कळतं.

पुस्तकं मराठीत आणि एकट्याने वाचता येतील अशी लिहिलेली. मध्येमध्ये प्रश्न असतात, ते सोडवायचे, ओलांडून जायचं नाही. मी सुरुवातीला ओलांडले.

आणि मार्कशीट घेऊन जाल तेव्हा एफ.वाय., एस.वाय. पास आहे, त्याची काही सूट मिळते का ते अर्ज भरायच्या आधी लेखी विचारा. तोंडी 'हो होईल' वर पैसे भरायचे नाहीत.

अर्धीवही
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! दोन शंका.

एक, मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. अडेल का?

दोन, कॉलेज रोडवर एकाने कार्ड दिलं. 'एका वर्षात पदवी, जुनं शैक्षणिक वर्ष दाखवून'. पंचेचाळीस हजार म्हणाला, हप्त्यांत चालतील. तो म्हणे सगळे असंच करतात.

सिडकोकर
कार्ड फाडा. नाही, आधी लेकीला दाखवा आणि मग फाडा.

कागदोपत्री
दुसऱ्याचं आधी. नवा प्रवेश घेऊन एका वर्षात बी.कॉम. होत नाही, आणि मागची तारीख टाकून मिळते ती पदवी नव्हे, गुन्ह्याचा पुरावा. उद्या पडताळणीत सापडली तर नोकरी जाईल आणि पोलीस दारात येतील ते तुमच्या. कार्डवाला तोवर नंबर बदलून मोकळा. कुठलंही विद्यापीठ घ्या, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्याचं नाव त्या वर्षासाठी आणि त्या अभ्यासक्रमासाठी आहे का ते स्वतः बघा. नुसतं विद्यापीठ यादीत असून भागत नाही. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलंय. ती नोटीस छापून फाइलला लावा. ऑफिसात कोणी नाक मुरडलं तर कामाला येते.

आता नाव. इथे बायकांचं सगळ्यात जास्त अडतं आणि नेमकं हेच कोणी आधी सांगत नाही. आता दूरस्थ प्रवेशाला डीईबी आयडी (यूजीसीच्या त्याच दूरशिक्षण विभागाचा क्रमांक) लागतो, तो एबीसी आयडीवर (क्रेडिट जमा ठेवायच्या ऑनलाइन खात्याच्या क्रमांकावर) निघतो, आणि एबीसीचा धागा डिजिलॉकरमधून आधारला. म्हणजे प्रवेश आधारवरच्या नावाला चिकटणार, आणि तुमची दहावी, बारावी, एस.वाय. वेगळ्याच बाईची दिसणार. माझ्या बहिणीच्या बाबतीत आडनाव तर बदललंच होतं, वर लग्नात पहिलं नावही बदललेलं. तांदळात लिहिलेलं नाव आधारवर आलं आणि दहावीच्या मार्कशीटवर जन्माचं. अर्ज परत आला.

उपाय दोन. विवाह नोंदणी दाखला असेल आणि त्यावर दोन्ही नावं असतील तर बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं. नसेल तर शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. एकदा केलं की पासपोर्टपासून पीएफपर्यंत तेच चालतं. अर्ज भरताना एक-एक अक्षर जुळवा. बहिणीच्या एका कागदावर आईचं नाव 'सुमन', दुसऱ्यावर 'सुमनबाई'. त्या 'बाई'पायी दोन आठवडे गेले.

आणि एबीसीत जुने विषय जमा करता येतील का असं कोणी सुचवेल, तर ते डोक्यातून काढा. तिथे क्रेडिट सात वर्षंच टिकतात, आणि २०११ ला आपल्याकडे बी.कॉम.ला क्रेडिट पद्धतच नव्हती.

नऊ_आकडी
उगाच_विचारतो यांना माझा सपशेल विरोध. बी.ए. वाईट म्हणून नव्हे, या ताईंना ते चुकीचं म्हणून.

जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करायची तर सीजीएसटी नियम ८३ बघा. पदवी लागते, आणि ती वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवसाय प्रशासन यातली. इतिहासाची चालत नाही. तुम्ही आज जे शेठच्या नावाने करता तेच उद्या स्वतःच्या नावाने, चार दुकानदारांचं घरून करू शकता. तेव्हा बी.कॉम.च.

सरकारी नोकरी डोक्यात असेल तर आजच हिशेब करा. एमपीएससीला मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८. तुमची तीन वर्षं आणि ते ३८ एकाच सुमाराला येणार. मागासवर्गीय असाल तर ४३, मग श्वास घ्यायला जागा आहे. कायद्याच्या पदवीला आपल्या सीईटीत वयाची अट नाही. बारावी मात्र रीतसर झालेली हवी, ती तुमची आहेच.

उगाच_विचारतो
मान्य. मी स्वतः बी.ए. म्हणून बोललो. अजून कोणी विचारलं नाही कशात केलंय ते, पण मला कोणी जीएसटीही भरायला देत नाही.

दुसरी_शिफ्ट
एक राहिलं. कुठेही घेतलंत तरी शेठना आधीच सांगून ठेवा की परीक्षेच्या दिवसांत रजा लागेल. माझा एक पेपर नेमका वीस तारखेला आला होता. ३बीची (जीएसटीच्या दरमहाच्या रिटर्नची) शेवटची तारीख, पोर्टल गरगर फिरतंय, आणि मी केंद्राच्या फाटकाबाहेर मोबाइलवर ओटीपी सांगतेय. बारा मिनिटं उशिरा आत गेले.

अर्धीवही
काल सिन्नरला माहेरी जाऊन आले. पत्र्याच्या पेटीत, दादाच्या लग्नाच्या अल्बमखाली एस.वाय.ची मार्कशीट सापडली. टी.वाय.चीही. टॅक्सेशनला चार मार्क कमी होते. इतकी वर्षं मला वाटत होतं वीस-पंचवीस असतील. आई म्हणाली, चारच? मग तेव्हाच का नाही दिलंस. मी काही बोलले नाही, चहा ठेवला.

ठरलंय ते असं. कॉलेजात दोन चकरा, जास्त नाही. जमलं नाही तर मुक्तचं बी.कॉम., मराठीतून. विवाह दाखल्यावर दोन्ही नावं आहेत, आत्ताच बघितलं, पण आधारवर वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आहे, ते चालेल का? नऊ_आकडी, नियम ८३ छापून घेतला. आमच्या ऑफिसरसाहेबांनीच प्रिंट काढून दिली, कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही.

वीस तारखेला ३बी भरून टाकते आणि एकवीसला अर्धा दिवस रजा घेऊन केंद्रांचे नोटीस बोर्ड वाचत फिरते. सातपूरच्या वाटेवर कुठलं केंद्र चांगलं आहे, कोणी सांगाल का?

गोवर्धनची_वाट
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आधारवर नवऱ्याचं नाव असलं तर दाखल्याची प्रत सोबत जोडा. आणि येताना पहिल्या वर्षाची पुस्तकं माझ्याकडून घेऊन जा, अभ्यासक्रम तोच असेल तर कामाला येतील. समासात जावेने काढलेली फुलं आहेत, तेवढी चालवून घ्या.