मदत हवी आहे: फायब्रोनेक्टिनच्या रेघा नीट उमटतात, पेशी मात्र रेघ सोडून सगळीकडे

नमस्कार मंडळी,

फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशी रेघेत वाढवायच्या आहेत. कव्हरस्लिपवर (पातळ काचेवर) पीडीएमएस या सिलिकॉन रबराचा पातळ थर, १ मिनिट ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित वायूचा मारा), आणि लगेच शिक्क्याने फायब्रोनेक्टिन या पेशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या २० मायक्रॉन रुंद रेघा, मध्ये ४० मायक्रॉन मोकळी जागा. तिथे पेशी चिकटू नयेत म्हणून तासभर ०.२ टक्के प्लुरोनिक एफ-१२७. मग धुऊन १० टक्के सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) असलेल्या द्रावणात पेशी.

चमकणारा रंग जोडलेलं फायब्रोनेक्टिन वापरून पाहिलं, रेघा अगदी आखलेल्या वहीसारख्या. पण दुसऱ्या दिवशी मधल्या जागेतही पेशी ऐसपैस पसरलेल्या! प्लुरोनिक १ टक्क्यावर नेलं, बाटली बदलली. ढिम्म फरक नाही.

डोकं चक्रावलंय ते वेगळ्याच गोष्टीने. प्लाझ्मा दिलेल्या काही कव्हरस्लिप दोन दिवस डब्यात विसरलो होतो. टाकून देण्याऐवजी वापरल्या, तर पेशी बऱ्यापैकी रेघेत. ताज्यापेक्षा शिळं बरं, हे कसं काय?

प्रतिसाद १

उत्तर तुमच्या डब्यातच आहे की! प्लुरोनिकच्या रेणूचा मधला भाग पाण्याला टाळणारा, दोन्ही टोकं पाण्यात रमणारी. मधला भाग पृष्ठभाग धरतो, टोकं पाण्यात उभी राहून प्रथिनांना दूर ठेवतात. प्लाझ्माने पीडीएमएस पाणीप्रेमी होतं, मग या मधल्या भागाला पकड कुठून मिळणार? प्लुरोनिकचा थर धुताना निघून जातो, सीरममधलं फायब्रोनेक्टिन आणि तसंच चिकटवणारं व्हिट्रोनेक्टिन रिकाम्या जागेवर बसतं, आणि पेशींना तेवढं पुरतं. दोन दिवसांत पीडीएमएसच्या आतल्या सुट्या, आखूड रेणूसाखळ्या वर येऊन पृष्ठभाग पुन्हा पाणी झटकू लागतो. म्हणून शिळं चाललं. टक्केवारी वाढवून काही होणार नाही.

पण प्लाझ्मा सरसकट बंद करू नका, कोरड्या शिक्क्यावरून प्रथिन उतरायला थोडा ओलावा धरणारा पृष्ठभाग लागतो. एक तर प्लाझ्मा काही सेकंदांवर आणा, नाहीतर प्लुरोनिक सोडून पीएलएल-पीईजी (पेशी चिकटू न देणारा दुसरा लेप) घ्या. त्याचा धन प्रभार ताज्या प्लाझ्माच्या ऋण पृष्ठभागाला धरतो.

आधी शिक्का न मारता एक ताजी, एक दोन दिवसांची कव्हरस्लिप प्लुरोनिकमध्ये ठेवून पेशी सोडून बघा.

धागाकर्ता

आणि मी शिक्क्यालाच दोष देत बसलो होतो! दोन्ही आजच लावतो. एक शंका: पीएलएल-पीईजी रेघांवरच्या फायब्रोनेक्टिनवर नाही ना चढणार?

प्रतिसाद १

थोडं चढू शकतं. रेघा दाट उमटल्या असतील तर पेशींना सहसा अडचण येत नाही. शिक्क्यावर प्रथिन किमान तासभर राहू द्या.